सरक सिस्टरची खुर्ची

“नाही म्हणजे नाही. उचल ती आणि जा घेऊन.”

“अगं, पण खुर्चीनं तुझं काय घोडं मारलंय?”

“खुर्चीनं नाही. खुर्चीवर बसणारीनं.”

“हळू बोल. रस्त्यावर ऐकू जातंय.”

“जाऊ दे! चौकापर्यंत जाऊ दे! तुझ्या शाळेत कुणी मला तोंड उघडू दिलं नाही, निदान माझ्या दुकानात तरी ओरडू दे.”

थोरलीनं पुढे होऊन दार लोटून घेतलं. मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका ती, पण धाकट्या बहिणीपुढे तिचा आवाज नेहमी एक पायरी खाली उतरायचा. दोघींच्या मधोमध ती खुर्ची उभी होती. निळं रेक्झिन फाटून आतला फोम जीभ काढल्यासारखा बाहेर आलेला, लाकडी हात हाताळून काळे पडलेले, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी चिकटवलेली.

धाकटीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. जे जे बसून बसून खचतं ते तिथे येई. सोफे, मोटारींच्या सीटा, न्हाव्याच्या खुर्च्या, दवाखान्यातली बाकं. सगळीकडे फोमचा भुगा आणि नाकात जाणारा सोल्यूशनचा वास. आल्यागेल्याला बसायला एक लांब बाक होता.

“उद्या सकाळी सत्कार आहे,” थोरली समजुतीच्या सुरात म्हणाली. “सिस्टर हटून बसल्यात. बसेन तर माझ्याच खुर्चीवर, नाहीतर येतच नाही म्हणतात. आणि खुर्चीची ही दशा. मी कुणाकडे जाऊ?”

“उभं राहायला सांग त्यांना. पोरांना जन्मभर अर्धं बसवलं, आता स्वतः थोडं उभं राहू दे.”

“बघ, तू अशी बोलतेस.”

“मग कशी बोलू? फुलं उधळू?”

“ऐंशी उलटलीय त्यांची, जरा तरी…”

“माझ्या बाबांची चाळिशीसुद्धा उलटली नव्हती.”

थोरली म्हणाली, “तो अपघात होता.” हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं, की साबणाच्या वडीसारखं ते गुळगुळीत झालं होतं.

“अपघात! शिडी धरून उभा असलेला माणूस बाईनं बोलावून नेला. वर आणखी काय म्हणाली? सांग ना. तुला पाठ असेल.”

“नको ना आता.”

“ ‘याचं काय काम इथे? तुमचा देवदूत धरील शिडी!’ मग? धरली का त्यानं? की तोही कुठे बाकं ओढायला गेला होता?”

धाकटी तरातरा गेली आणि बाकाच्या टोकाला टेकली.

“नीट बस, पडशील,” थोरली सवयीनं म्हणाली.

“तू मला बसायला शिकवू नकोस!”

आता ही देवदूताची भानगड ज्याला ठाऊक नाही त्याला हे भांडण दोन वेड्यांचं वाटेल. तेव्हा मुळापासून सांगायला हवं.

त्या शाळेत एक सिस्टर होती. उंच, रुंद हाडाची, पंजे असे की एका हातात दोन पोरांची बखोटी धरावीत. पायघोळ पांढऱ्या झग्याखाली फुटबॉलचे बूट. कमरेच्या जपमाळेला क्रूसाशेजारी शिट्टी लटकवलेली, त्यामुळे प्रार्थनेला वाकली की शिट्टी फरशीवर खणकन वाजायची आणि सगळं चॅपेल दचकायचं. तिचं खरं नाव कॉन्व्हेंटच्या मदरना ठाऊक असेल. पोरांसाठी ती सरक सिस्टर. कारण तिच्या वर्गात पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर यायचा तो तोच.

“सरक!”

प्रत्येक मुलाला जन्मासोबत एक राखणदार देवदूत मिळतो, असं त्यांच्या धर्मात सांगतात. इतर सिस्टरही सांगायच्या आणि पुढच्या धड्याकडे वळायच्या. ही वळायची नाही. देवदूत आहे ना? मग तो उभा का? दिवसभर तुमच्यामागे धावायचं आणि वर उभंही राहायचं? म्हणून तिच्या वर्गात प्रत्येकानं आपल्या जागेच्या अर्ध्या भागावर बसायचं. उरलेला अर्धा त्याचा.

हजेरीला नुसतं ‘हजर’ म्हटलेलं चालायचं नाही. “दोघं हजर, सिस्टर!” असं म्हणायचं. कुणी आजारी असला तर ती म्हणायची, “तो तापानं निजलाय आणि हा उशाशी बसून कंटाळलाय. दोघांसाठी प्रार्थना करा.” रस्ता ओलांडताना मोडकी छत्री आडवी धरून ती अख्खी वाहतूक थांबवायची. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला तर त्याच्या खिडकीत तोंड घालून विचारायची, “किती पोरं आहेत दिसत नाही? दुप्पट आहेत! दुप्पट!” मैदानावर मधेच शिट्टी फुंकायची. “फाउल! त्याच्या देवदूताच्या नडगीला लागलं!” आणि गंमत म्हणजे ज्याच्यावर फाउल दिला तो पोरगा कान धरून हवेची माफी मागायचा.

मारायची नाही कधी. खोडी काढली तर बाकाच्या रिकाम्या अर्ध्याकडे तोंड करून माफी मागायला लावायची. “माझी नको मागूस. तुला सोसणं हे माझं कामच आहे. तो फुकट सोसतोय.”

हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संताचा एक लहानसा पुतळा तिच्या टेबलावर असे. खडू हरवला की ती पुतळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवायची. “सापडेपर्यंत तसाच राहा.” नद्या शिकवताना बाकं भिंतीला लावायची, सगळ्या वर्गाला फरशीवर आडवं करायची आणि समुद्राकडे वाहायला सांगायची. “तू उपनदी आहेस, गाढवा, आधी तिला जाऊन मिळ!”

खोटं कशाला सांगायचं, धाकटीचा तिच्यावर जीव होता. बाकीची पोरं सिस्टरची पाठ वळली की ऐसपैस पसरायची. धाकटी घरी जेवायला बसली तरी पाटाच्या अर्ध्यावर. तिचे बाबा रंगारी. कानामागे ब्रश, केसात दर आठवड्याला वेगळा रंग. ते तिला जागा करून द्यायचे आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, “तुझ्या सोबत्याला वाढू का? की तो बाहेर खाऊन आलाय?” मग स्वतःही तिच्यासारखेच कडेला सरकून बसायचे आणि मुद्दाम धप्पकन पडायचे. आई वैतागायची. “एक वेडी कमी होती, आता दोन झाले.”

शाळेच्या कुठल्याशा महोत्सवी वर्षासाठी सगळी इमारत रंगवायची ठरली आणि काम बाबांना मिळालं. त्या दिवसांत धाकटी शाळेत राणीसारखी चालायची. ही भिंत माझ्या बाबांची. तो खांब माझ्या बाबांचा.

चॅपेलची उंच भिंत शेवटी राहिली. फरशी गुळगुळीत, शिडी लांब. बाबांनी शाळेच्या शिपायाला शिडी धरायला उभं केलं होतं. तेवढ्यात सरक सिस्टर आली. तिला नद्या शिकवायच्या होत्या. वर्गातली बाकं हलवायला माणूस हवा होता, आणि तिला काही हवं असलं की ते त्याच क्षणी हवं असायचं. तिनं शिपायाचं मनगट धरलं आणि ते वाक्य म्हटलं. बाबा वरून हसले. म्हणाले, “बरं, पण त्याला सांगा, घट्ट धर म्हणावं.”

हे सगळं बाबांनीच दवाखान्यात दोघींना सांगितलं. हसत हसत. “हात ओले असतील गं त्याचे. सटकली.” खाटेच्या कडेला बसलेली धाकटी हसली नाही. पुढे त्यांचं हसणं थांबलं, मग बोलणं, आणि एका दुपारी सगळंच.

त्यानंतर ती शाळेत गेली तेव्हा बाकाच्या मधोमध बसली. दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून, बाकाची फळी मुठीत धरून. हजेरीला म्हणाली, “हजर.”

सिस्टर तिच्याजवळ आली. अवघडून, हळू म्हणाली, “सरक, बाळ.”

“नाही सरकणार.”

“तो उभा आहे.”

“राहू दे उभा. माझ्या बाबांची शिडी कुणी धरली होती?”

सिस्टरनं तोंड उघडलं.

“सिस्टर, शिडी कुणी धरली होती?”

सिस्टरनं तोंड मिटलं, वळली आणि वर्गाबाहेर निघून गेली. लांब कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज दूर दूर जात राहिला. ती त्या वर्गात परत कधीच आली नाही. खालच्या वर्गांना शिकवायला लागली, असं कळलं. आईनं धाकटीला त्या शाळेतून काढलं. थोरली शेवटच्या वर्षाला होती म्हणून ती राहिली. सरक सिस्टर तिला रोज शाळा सुटल्यावर बसवून शिकवायची, पास होईपर्यंत. पुढे थोरली तिथेच शिक्षिका झाली, मग मुख्याध्यापिका. तिच्या शाळेत आजही पहिलीची पोरं अर्ध्या जागेवर बसतात. पाहुण्यांना ती कौतुकानं सांगते, आमच्या सिस्टरनं लावलेली शिस्त.

तर हे असं भांडण. आणि ते अजून संपलेलं नव्हतं.

“त्यांनी मला शिकवलं,” थोरली म्हणत होती. “मी आज जी आहे ती त्यांच्यामुळे. ते विसरू?”

“नको विसरू. तुला गणित आलं, मला काय आलं? तुझे बाबा वेगळे आणि माझे वेगळे होते का?”

“माझेही बाबाच गेले ना! तुला वाटतं मला काही झालंच नाही? मला कुणावर तरी रागवायचं नव्हतं. एवढंच.”

“आणि मला रागवायचं होतं, तर माझ्यासोबत कुणीच नव्हतं. आई रडत होती, तू गणितं सोडवत होतीस.”

थोरलीचा चेहरा उतरला. तिनं पदरानं नाक पुसलं आणि खुर्चीचा हात धरला. “राहू दे. मी फाटक्या खुर्चीवर बसवते त्यांना. वरून चादर घालीन.”

तिला खुर्ची उचलता येईना. पुठ्ठ्याची घडी निसटली आणि खुर्ची लंगडी होऊन तिच्या पायावर आली.

“सोड. सोड म्हणते ना! दे इकडे.” धाकटीनं खुर्ची हिसकावली, उलटी केली आणि जांबूर हातात घेतला. “रडू नकोस. करते. तिच्यासाठी नाही, तू अशी लंगडत रस्त्यानं जाशील म्हणून करते. पण आधी सोलून काढते हिला.”

खिळे उपटताना तिनं एकेकाला अशी काही शिवी घातली की थोरलीनं दोनदा दाराकडे पाहिलं. निळं रेक्झिन निघालं. फोम निघाला. आणि खाली आणखी एक कापड होतं, तपकिरी, जाड, जुनं. घाईत कुणी तरी जुनं न काढता त्याच्यावरच नवं ठोकलं होतं.

धाकटीचा हात थांबला.

“काय झालं?”

“इकडे ये. बघ.”

बघायला काही कसब लागत नव्हतं. तपकिरी कापड उजव्या अर्ध्यात झिजून पार जाळी झालं होतं, खालचा काथ्या दबून खड्डा पडला होता. डावा अर्धा कोरा करकरीत. दुकानातून काल आणल्यासारखा. मधोमध सरळ रेघ, जणू कुणी फूटपट्टी धरून बसत होतं.

“बघितलंस?” थोरलीचा आवाज भरून आला. “बघ! नुसतं पोरांना सांगायच्या नाहीत. स्वतःही बसायच्या तशाच. तू उगाच…”

“थांब.” धाकटीनं निळं रेक्झिन उचललं, झटकलं आणि तपकिरीच्या शेजारी जमिनीवर पसरलं. “आता हे बघ.”

निळं सगळीकडे सारखं झिजलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मधोमध तर सगळ्यात जास्त. फाटलं होतं तेही मधोमधच.

“हे निळं कधी बसवलं?”

थोरली निळ्याच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“ताई, कधी?”

“तेव्हाच. शाळेचं रंगकाम झाल्यावर. सगळ्या शिक्षकांच्या खुर्च्यांना एकाच वेळी बसवलं होतं.”

“रंगकाम झाल्यावर म्हणजे बाबा गेल्यावर.”

“हो.”

“म्हणजे बाबा गेले, आणि बाई पसरून बसल्या.”

“असं नको गं…”

“आणि पोरांना? तोपर्यंतची सोड. त्यानंतरची पोरं? तुझ्या पहिलीतली? त्यांना काय सांगत राहिल्या? सरक! सरक! तिथे कुणी नाही हे हिला ठाऊक होतं आणि ती लहान लहान पोरं कडेला लटकवत होती! ती बिचारी वेडी असती ना ताई, मनापासून वेडी, तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. वेडी नव्हती ती. तिला माझं उत्तर ठाऊक होतं! तिनं ते खुर्चीला सांगितलं, मला नाही!”

धाकटी जांबूर टाकून दाराकडे वळली. थोरली म्हणाली, “कुठे निघालीस?”

“कुठेच नाही. आधी खुर्ची पुरी करते. अर्धवट काम मी देत नाही. मग मी स्वतः नेऊन देते.”

“मी येते.”

“तू येऊ नकोस. तू मधे पडशील.”

तिनं दिवसभर दुसरं काही हाती घेतलं नाही. नवे पट्टे ताणले, नवा फोम कापला, नवं कापड ओढून ओढून बसवलं, इतकं घट्ट की वर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. लंगड्या पायाला लाकडाचा तुकडा जोडला. रागात केलेलं काम इतकं चांगलं होतं याचाही तिला राग आला. ऊन उतरायच्या आत तिनं खुर्ची टेम्पोत चढवली आणि काढलेली दोन्ही कापडं गुंडाळून काखेत मारली.

कॉन्व्हेंटच्या भेटीच्या खोलीत पॉलिशचा वास होता. भिंतीवर क्रूस, भिंतीला लागून लांबलचक बाक, कोपऱ्यात कपाट. कपाटावर तो लहानसा पुतळा, तोंड भिंतीकडे. धाकटीनं खुर्ची बाकासमोर ठेवली आणि बाकावर टेकली. कॉरिडॉरमधून आवाज आला. काठी आणि बूट, काठी आणि बूट. ती नकळत ताठ बसली आणि स्वतःवरच चिडली.

सरक सिस्टर दारात उभी राहिली. वाकली होती, पण दार अजून भरत होतं.

“खुर्ची आलीय,” धाकटी म्हणाली.

“दिसतंय. म्हणजे काहीतरी चौकोनी दिसतंय. चष्मा हरवलाय.” तिनं काठीनं कपाटाकडे दाखवलं. “त्याला शिक्षा केलीय, पण तो आता माझं ऐकत नाही. तू कोण?”

“रंगाऱ्याची धाकटी.”

सिस्टर चाचपडत खुर्चीपर्यंत आली. हातांनी खुर्चीचे हात ओळखले आणि बसली. मधोमध.

“ये. फार उशीर केलास.”

“मी? मी उशीर केला?” धाकटीचा आवाज चिरकला. “तुम्ही वर्गातून उठून गेलात ना, मला वाटलं उत्तर आणायला गेलात! मदरना विचारून येतील, पुस्तकात बघून येतील. मी मधल्या सुट्टीत खेळायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसून राहिले. मधोमध. दाराकडे बघत. आणि तुम्ही म्हणता उशीर मी केला!”

“ओरड. इथे सगळ्यांना कमी ऐकू येतं.”

“थट्टा नको!”

“बरं.”

धाकटीनं कापडांची गुंडाळी तिच्या मांडीवर टाकली. “हे काय आहे सांगा.”

सिस्टरची मोठाली बोटं कापडावरून फिरली. तपकिरीवर, झिजलेल्या जाळीवर, मग रेघेपलीकडच्या कोऱ्या भागावर. तिथे जरा रेंगाळली. मग निळ्यावर. तिला काही विचारावं लागलं नाही.

“हिला सोलायला नको होतं,” ती म्हणाली.

“तुम्ही पसरून बसलात.”

“हो.”

“आणि पोरांना सरकवत राहिलात.”

“हो.”

“का?”

“पहिल्या दिवशी सवयीनं तोंडातून गेलं. खालच्या वर्गातलं एक एवढंसं पोर. म्हटलं, सरक. ते सरकलं. मला वाटलं, सरकलं, म्हणजे असेल. सगळा वर्ग सरकतो, म्हणजे असेलच. ती पोरं सरकायची थांबली असती, तर मग तुझ्या बापाला मी काय सांगितलं होतं? थाप?”

“थापच होती!”

“नव्हती,” सिस्टर एकदम काठी आपटून म्हणाली. तोच जुना आवाज, भिंतीला भिडणारा. “थाप असती, थट्टा असती, तर मी शिपायाला नेलाच नसता! मला खरं वाटत होतं, कळलं? मला वाटलं, धरील तो. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेच तर…” आवाज बसला. “तेच वाईट झालं.”

धाकटी उठण्याच्या बेतात होती ती तशीच थांबली. पण राग कुठे जातो? तो दुसऱ्या बाजूनं वर आला.

“कुणाला सांगितलंत हे?”

“मदरना. त्याच दिवशी. म्हणाल्या, अपघात आहे, प्रार्थना करा.”

“आणि आम्हाला? आईला? ती मरेपर्यंत म्हणत राहिली, माझ्या माणसाचाच पाय घसरला असेल, घाईच फार त्याला. तुम्ही तिच्यापुढे एकदा येऊन म्हटलं असतंत!”

“तुझ्या बहिणीला शिकवलं.”

“ती भरपाई होती.”

“भित्र्या माणसाची भरपाई. हो.”

“सगळ्याला हो म्हणू नका!” धाकटी किंचाळली. “मी इतकी वर्षं भांडायची तयारी केलीय! एका पोरीनं विचारलं होतं, शिडी कुणी धरली होती. ‘कुणीच नाही’ एवढंच म्हणायचं होतं. किंवा ‘मला माहीत नाही’ म्हणायचं. मी ऐकलं असतं. मी सरकलेसुद्धा असते!”

“माहीत आहे. तू सरकली असतीस.” सिस्टरनं डोळे किलकिले करून तिच्या दिशेनं पाहिलं. “म्हणून तर गेले. तू मधोमध बसली होतीस, फळी धरून. मी तुझ्या दोन्ही बाजूंना पाहिलं. पहिल्यांदा मला तिथे खरंच कुणी दिसलं नाही. मला ते बघवलं नाही.”

पुतळा भिंतीकडे बघत होता.

“उद्या सांगायचं,” धाकटी म्हणाली. “सगळ्यांपुढे. हार गळ्यात पडल्यावर. शिपायाला मी नेला, शिडी कुणीही धरली नव्हती, त्या रंगाऱ्याची चूक नव्हती. याच खुर्चीवर बसून सांगायचं.”

“सांगेन.”

“खरं?”

“सांगेन म्हटलं ना. तुझ्या ताईला आवडणार नाही.”

“तिचं ती बघेल.”

“आणि पहिलीच्या पोरांना काय सांगू?”

“नीट बसा म्हणून सांगा! पडाल म्हणून सांगा!”

“बरं.” सिस्टरनं मान हलवली. “सांगते.”

इतकं सहज. धाकटीच्या हातात अजून कितीतरी दगड होते आणि समोरची भिंतच निघून गेली होती. तिला आणखी काहीतरी हवं होतं, पण ते काय हे तिलाही सांगता आलं नसतं.

सिस्टरनं दोन्ही कापडांची घडी घातली. परत देण्यासाठी ती पुढे वाकली, काठीनं बाक शोधू लागली. काठी बाकाच्या फळीवर टेकली. टक्. कुणी नाही. थोडी सरकवली. टक्. कुणी नाही. टक्. टक्. रिकाम्या लाकडावरून ती काठी अशी बरीच पुढे आली, आणि अगदी शेवटी, जिथे बाक संपत होता तिथे, धाकटीच्या गुडघ्याला लागली.

सिस्टरचा हात तसाच थांबला.

“बाक तर केवढा लांब आहे गं.”

धाकटीनं खाली पाहिलं. तिचा एक पाय पार बाकाबाहेर होता. शेजारी लाकूड चमकत होतं, झाडून पुसून ठेवल्यासारखं मोकळं.

“तू कुणासाठी सरकून बसलीयस?” सिस्टरनं विचारलं. थट्टा नव्हती आवाजात. खरंच विचारत होती. “अं? कुणाला जागा ठेवलीयस, बाळ?”

धाकटी उठली. कापडं घेतली नाहीत. दार उघडलं, उघडंच टाकलं, आणि कॉरिडॉरमधून चालू लागली.

“अगं, मी काहीतरी विचारलं!” मागून तो आवाज आला. “वर्गात प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं असतं!”

तिनं मागे वळून पाहिलं नाही. फाटक ढकललं आणि रस्त्यावर आली.